मुंजीत अपसव्य जानवं

परवा सकाळी सव्वासातला आत्याचा फोन. मी चहा गाळत होते म्हणून स्पीकरवर टाकला, तर कशी आहेस नाही, पाऊस किती पडतोय नाही, थेट, "अगो बाय, मुंजीत ताका अपसव्य जानवें कोणें घाललें गो?"

मला आधी टोटलच लागेना. (आमच्याकडे घरात बोलणं सगळं कोंकणी आणि पत्र, पोथी, लग्नपत्रिका, ग्रुपवरचे मेसेज मराठीत, त्यामुळे मी मराठीत लिहितेय आणि आत्या कोंकणीत बोलतेय, चालवून घ्या.) मग ट्यूब पेटली. आदल्या रात्री मी फॅमिली ग्रुपवर धाकट्या काकाच्या मुंजीचा फोटो टाकला होता. 1968 च्या मे महिन्यातला, गोव्यातल्या आमच्या मये गावच्या घराच्या अंगणातला. आठ वर्षांचा काका, डोक्याचा गोटा, हातात दंड, डोळे उन्हानं बारीक केलेले आणि जानवं उजव्या खांद्यावर. ग्रुपवर बत्तीस माणसं, सगळ्यांनी हार्ट टाकली, कुणी "सो क्यूट" लिहिलं, खुद्द काकानं वास्कोहून हात जोडलेले पाठवले, पण जानव्याकडे एकाचंही लक्ष गेलं नाही. ब्याऐंशी वर्षांच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आत्याचं गेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जानवं एरवी डाव्या खांद्यावर असतं, उजव्यावर घेतात ते पितरांच्या कार्याला. म्हणजे मुंजीच्या दिवशी पोराला श्राद्धाला बसवल्यासारखा तो फोटो झाला होता. भटजींची चूक नव्हती, काकाची तर नव्हतीच. मी निगेटिव्ह उलटी लावली होती.

आता हे निगेटिव्हचं प्रकरण माझ्या मागे लागलं कसं ते सांगते. पपा जाऊन चार वर्षं झाली. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि फोटोचा त्यांना नाद होता, नाद म्हणजे पगाराच्या मानाने जरा जास्तच. आधी आगफा क्लिक थ्री, तो बडोद्याला बनायचा तो, मग ऐंशीच्या दशकात कुवेतहून आलेल्या थोरल्या काकांनी दिलेला याशिका. मयेचं घर दुरुस्तीला काढलं तेव्हा माळ्यावरून चार बिस्किटांचे डबे खाली आले, आत पाकिटंच पाकिटं, काही बटर पेपरची, काही नुसती वहीच्या कागदाची घडी घातलेली, त्यावर पपांच्या अक्षरात "चवथ", "शाळा सहल", "मुंज", आणि एकावर नुसतंच "रोल संपवला". आईचं म्हणणं, अल्बम आहेत ना कपाटात, ते फोटो काढ मोबाईलवर आणि डबे टाक. मीही जवळजवळ तेच करणार होते.

पहिला प्रयोग घरातल्या प्रिंटरवर, त्यालाच वर स्कॅनर असतो ना तो. निगेटिव्ह ठेवली, झाकण लावलं, स्क्रीनवर काळी पट्टी. सरळ आहे, कागदावर प्रकाश पडून परत येतो तो हा स्कॅनर वाचतो, फिल्मला प्रकाश आरपार जायला लागतो, म्हणजे झाकणातसुद्धा दिवा हवा. मग मुलानं आयडिया काढली, लॅपटॉपवर पांढरा स्क्रीन लावायचा, त्यावर निगेटिव्ह, वरून मोबाईलनं फोटो, रंग उलटे करायचे. झालं खरं, पण आजीच्या गालावर स्क्रीनच्या पिक्सेलची जाळी उमटली, मच्छरदाणीतून बघतेय तशी. (निगेटिव्ह स्क्रीनपासून दोन-तीन इंच वर धरली तर जाळी जाते, हे नंतर कळलं. घाईत एखादी चटकन बघायची असेल तर आजही मी तसंच करते.) मग शहरातल्या एका दुकानात दोन पट्ट्या ट्रायलला दिल्या. आठवड्यानं पेनड्राइव्हवर इवल्याशा फाइली मिळाल्या, चेहरे घासूनपुसून मेणाच्या बाहुल्यांसारखे केलेले, आणि पट्टीवर एक नवा कोरा ओरखडा. त्या दिवशी ठरवलं, घरीच करायचं.

सेकंडहँड एप्सन व्ही 600 घेतला. फ्लॅटबेड म्हणजे सपाट काचेचाच स्कॅनर आहे पण झाकणात दिवा आहे, आणि बरोबर प्लॅस्टिकचे होल्डर येतात, 35 एमएमच्या दोन पट्ट्या म्हणजे बारा फ्रेम एका वेळी बसतात, आणि क्लिक थ्रीच्या त्या मोठ्या चौकोनी निगेटिव्हसाठी वेगळा होल्डर. डब्यावर 6400 डीपीआय (म्हणजे एका इंचात किती ठिपके) लिहिलंय म्हणून पहिल्या दिवशी हौसेनं 6400 वर लावून बसले, एक फ्रेम होईपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, फाइल उघडताना लॅपटॉप धापा टाकायला लागला, आणि बारकावे बघाल तर 3200 पेक्षा कणभर जास्त नाहीत. फ्लॅटबेडची भिंगं एवढी बारीक बघतच नाहीत, आकडा वाढवला की फाइल फुगते, बस. आता 35 एमएम 3200 वर करते, साडेचार हजार गुणिले तीन हजार पिक्सेलचा फोटो मिळतो, भिंतीवर लावण्याएवढा. चौकोनी निगेटिव्हला 2400 सुद्धा खूप होतं कारण ती मुळातच साडेपाच सेंटिमीटरची, एका बाजूला पाच हजारांवर पिक्सेल येतात. आणि कागदावरचे जुने पोस्टकार्ड साइज फोटो 600 वर. त्याच्या वर गेलात तर कागदाचा पोत दिसायला लागतो, माणूस तेवढाच राहतो.

इथपर्यंत सगळं यंत्राचं. खरी मारामारी पुढे, ती गोव्याच्या हवेशी.

चार डब्यांपैकी एक उघडला तर आंबट वास. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "लोणचें उगडलें काय गो?" लोणचं नव्हतं. जुन्या फिल्मचा पाया अ‍ॅसिटेटचा असतो, दमट उष्ण हवेत वर्षानुवर्षं राहिला की तो सडायला लागतो आणि त्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं, म्हणजे आपलं विनागरच. त्या वाफेनं सडणं आणखी जोरात होतं आणि शेजारच्या चांगल्या पट्ट्याही बिघडतात, नासक्या बटाट्यासारखं. बंद पत्र्याच्या डब्यात तर ती वाफ जाणार कुठे. तो डबा लगेच वेगळा काढला, बाल्कनीत कागदावर पसरला, आणि स्कॅनिंगचा पहिला नंबर त्याला दिला कारण त्या पट्ट्या थांबणार नाहीत. काही आधीच सुरळी होऊन गेल्या होत्या, होल्डरमध्ये बसता बसत नव्हत्या. दोन तर बोटांत कटकन मोडल्या. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या डब्यात बुरशी. उजेडात धरली की झाडाच्या मुळांसारखी नक्षी दिसते, फिल्मवर चित्र जिलेटिनच्या थरात असतं आणि बुरशीला जिलेटिन म्हणजे मेजवानी. इथे एक चूक मी करता करता वाचले, ओल्या फडक्यानं पुसायला घेतलं होतं. बुरशीनं खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, म्हणजे बुरशीबरोबर चित्रही पुसून गेलं असतं. नुसती हवा मारायची, तो रबरी फुगा मिळतो ना कॅमेऱ्याच्या दुकानात, आणि मऊ ब्रश. अंगातल्या टीशर्टाला पुसायचं नाही, तोंडानं फुंकायचं नाही, थुंकीचे कण उडतात. बाकी डाग राहिला तर राहू दे, कॉम्प्युटरवर बघता येतो.

आणि धूळ. आमची धूळ लाल. मये डिचोली तालुक्यात, आजूबाजूला खाणी, लहानपणी ट्रकच्या रांगा लागायच्या आणि वाळत घातलेले कपडे संध्याकाळी गुलाबी व्हायचे. 2012 ला खाणी बंद पडल्या तो राजकारणाचा विषय वेगळा, पण पपांच्या पाकिटांतून ती धूळ अजून निघते, फुगा मारला की पांढऱ्या कागदावर लाल ठिपके. रंगीत निगेटिव्हला त्याचा त्रास नाही, स्कॅनर सोबत एक इन्फ्रारेड फेरी मारतो, इन्फ्रारेड रंगांतून आरपार जातो आणि धुळीवर-ओरखड्यांवर अडतो, त्यामुळे कचरा कुठे आहे ते त्याला कळतं आणि तेवढी जागा तो भरून काढतो. डिजिटल आइस म्हणतात त्याला, पहिल्यांदा बघितलं तेव्हा जादूच वाटली. त्याच जोशात ब्लॅक अँड व्हाइटवर लावलं, आणि आजोबांची मिशी अर्धी गायब, कपाळ कुणी तरी चाटल्यासारखं. कारण साध्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चित्रच चांदीच्या कणांचं असतं, चांदी इन्फ्रारेडलाही अडवते, यंत्राला वाटतं सगळी धूळच. मिशी म्हणजे धूळ! तर जुन्या फिल्मला तो पर्याय बंद ठेवायचा आणि एकेक ठिपका हातानं काढायचा. मी रात्री जेवणं झाल्यावर टीव्हीवर काहीतरी लावून काढत बसते, माझी आजी तांदूळ निवडायची तसं.

तर उलट्या निगेटिव्हवर येते. 35 एमएमची पट्टी हातात घेतली की एक बाजू चकचकीत आणि एक जरा मंद दिसते. मंद बाजूला चित्र. माझ्या स्कॅनरला चकचकीत बाजू खाली, काचेकडे ठेवायची, म्हणजे वरून बघताना कडेची अक्षरं उलटी दिसली पाहिजेत, उलटी दिसली की बरोबर, हे डोक्यात बसायलाच मला दोन दिवस लागले. क्लिक थ्रीची ती मोठी फिल्म 120 नंबरची. तिच्या मागच्या अंगालाही जिलेटिनचा थर असतो, सुरळी होऊ नये म्हणून, त्यामुळे दोन्ही बाजू तशा मंदच. त्यात पन्नास वर्षांची बुरशी, दोन्हीकडे खाल्लेलं. कडेला ओर्वो लिहिलेलं होतं, पूर्व जर्मनीची फिल्म, तेव्हा आपल्याकडे मिळायची, पण ती अक्षरं होल्डरच्या पट्टीखाली गेली आणि मी बघितलंच नाही.

आत्याच्या फोननंतर बसले आणि तोवर केलेले सगळे स्कॅन परत उघडले. एकदा डोळा बसला की पुरावे सगळीकडे असतात. बायकांचा पदर उजव्या खांद्यावर, आणि आमच्यात कुणी गुजराती पद्धतीनं नेसणारी नाही, म्हणजे उलटा. आजीची नथ उजव्या नाकपुडीत, उलटा. पपांचं घड्याळ उजव्या मनगटावर, उलटा. शाळेच्या सहलीत फलक होता म्हणून तो मात्र मी पहिल्याच दिवशी सरळ केला होता, अक्षरं उलटी दिसतात ना. म्हणजे अक्षर उलटं झालं तर मला दिसतं आणि आजी उलटी झाली तर दिसत नाही, ह्याची जरा लाजच वाटली. एकशेचाळीसातले अकरा उलटे निघाले.

मग लॅपटॉप घेऊन माशेलला आत्याकडेच गेले. टीव्हीला जोडला. माझा अंदाज, ती चेहरे बघून नावं सांगेल. चेहऱ्यांकडे ती बघतच नाही. "ती साडी म्हजी. मावशेन न्हेसल्या." साड्यांवरून माणसं, पायऱ्यांवरून घर, आणि माटोळीवरून साल! चवथीचा फोटो होता, गणपतीच्या वर माटोळी बांधलेली, त्यात नारळाची पेंड (म्हणजे घड), सुपारीचे घोस, तोरिंगां (पपनसं), आणि तिनं झूम करायला लावून एका कोपऱ्यात बोट ठेवलं, की हे फळ त्या एकाच वर्षी तिच्या यजमानांनी सत्तरी तालुक्याच्या रानातून आणलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे 1966. मी पाकिटावर पेन्सिलीनं 1970 लिहून ठेवलं होतं. खोडलं.

मी मोबाईलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करत होते, हे मात्र सगळ्यांनी कराच, कारण लिहून घ्यायला गेलं की म्हातारी माणसं थांबतात, तुमचं लिहून व्हायची वाट बघतात, आणि थांबली की पुढचं विसरतात. रेकॉर्डिंगला लावून ठेवायचं आणि मुकाट बसायचं.

तारखांचं आणखी एक. स्कॅन केलेल्या फाइलीला स्कॅन केल्याची तारीख चिकटते, त्यामुळे मोबाईलच्या गॅलरीत आजोबा ह्या वर्षीच्या जूनमध्ये, माझ्या भाचीच्या वाढदिवसाच्या शेजारी. एक्झिफटूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात पूर्ण रोलची तारीख एका दमात बदलता येते. नक्की तारीख कुठे असते म्हणा, वर्ष सापडलं तरी पुष्कळ. कधी कधी गोवाच सांगतो. रंगीत रोल होता एक, त्यात पणजी-बेती फेरीबोटीतून काढलेले फोटो, मागे मांडवीचा पूल मध्येच तुटलेला. तो पूल पडला 5 जुलै 1986 ला. त्याच्या आधीच्या पाकिटात पूल अखंड. दोन्ही पाकिटांवर पपांनी नुसतं "पणजी" लिहिलंय.

हे रंगीत रोल बघताना एक गंमत झाली, म्हणजे गंमत तरी कशी म्हणू. अल्बममधले ऐंशीच्या दशकातले फोटो सगळे तांबडे पडलेत, अंधारात ठेवले तरी निळसर रंग आधी उडतो आणि मागे लाल उरतो. आम्ही भावंडं त्या तांबड्या बालपणाला इतके सरावलो होतो की माझ्या सहाव्या वाढदिवसाचा फ्रॉक गुलाबी होता असं मी जन्मभर समजत आले. निगेटिव्ह बरी टिकली होती. फ्रॉक पोपटी निघाला. आईला दाखवला तर म्हणते, पोपटीच होता, कापड मीच आणलं होतं म्हापशाच्या बाजारातून, तुला कुणी सांगितलं गुलाबी.

भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोला मात्र निगेटिव्ह नाही. तो 1958 चा, स्टुडिओत काढलेला, आणि फ्रेमच्या काचेला चिकटलाय, दर पावसाळ्यात भिंत पाझरते त्यामुळे. सोडवायच्या भानगडीत पडू नका, चेहरा काचेवर राहतो आणि कागद हातात येतो, आमच्या शेजारी असं झालंय. मागचा पुठ्ठा काढला आणि काचेसकट स्कॅनरवर पालथा ठेवला, व्यवस्थित आला. प्रिंटरवरच्या पातळ स्कॅनरला हे जमत नाही, त्याला काचेला टेकलेलंच स्वच्छ दिसतं, जाड फ्लॅटबेडला थोडं वरचंही दिसतं. पुठ्ठा काढला म्हणून फोटोची पाठ थोडी दिसली, तिथे आजोबांच्या तिरप्या अक्षरात "लेम्ब्रांसा" (म्हणजे आठवण) आणि खाली साल. घरचे हिशेब मोडीत, देवाचं मराठीत आणि फोटोच्या पाठीवर पोर्तुगीज, एकच माणूस. तेव्हापासून प्रत्येक फोटोची पाठही स्कॅन करते, कोरी असली तरी.

आता ते "रोल संपवला" पाकीट.

क्लिक थ्रीच्या रोलला बारा फोटो. फ्लॅश नव्हता, त्यामुळे घरातलं क्वचितच काही यायचं, बहुतेक सगळं अंगणात, तुळशीसमोर, उन्हात उभं करून. कार्य झालं, आठ-नऊ फोटो झाले की उरलेल्या तीन-चारांचं काय, रोल तसाच ठेवायचा तर पुढचं कार्य येईपर्यंत सहा महिने जाणार, आणि लोक विचारून विचारून जीव खाणार फोटो कधी येणार. मग पपा कॅमेरा घेऊन मागीलदारी जायचे आणि दिसेल ते काढून रोल संपवायचे. ह्या फोटोंच्या प्रिंट कुणी काढल्या नाहीत, पैसे कोण घालवणार, स्टुडिओतून निगेटिव्ह तेवढी परत यायची. म्हणजे अल्बममध्ये हे नाहीतच. मी अल्बमवरून मोबाईलनं फोटो काढून डबे टाकले असते तर हे कधी कुणी बघितलेच नसते.

काय आहे त्यात? विहीर. विहिरीवर ठेवलेली कळशी. गाय, अर्धी, कारण ती चालत होती. पाटावर वाळत घातलेली आमसोलं. शेजारच्यांचं पोर नाक पुसताना. आणि मुंजीच्या रोलची दहावी फ्रेम, आजी. अल्बममध्ये आजीचे सगळे मिळून चार फोटो असतील, चारही लोकांनी हाताला धरून आणून उभी केलेली, पदर घट्ट, चेहरा कोर्टात उभं केल्यासारखा. कारण कार्याच्या दिवशी ती चुलीपाशी असायची आणि फोटो अंगणात असायचे. ह्या दहाव्या फ्रेममध्ये ती मागीलदारच्या पायरीवर आदोळी (विळी) घेऊन बसलीय, फणस फोडतेय, दोन्ही हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले, आणि कॅमेऱ्याकडे बघून चक्क हसतेय, बहुतेक पपांना हाकलतेय. समोरच्या दाताला फट होती तिच्या. मला माहीतच नव्हतं. मला आठवते ती कवळीतली आजी. माझ्या दातांना फट आहे, लहानपणी सगळे म्हणायचे आईकडून आलीय, आई म्हणायची आमच्याकडे कुणाला नाही.

मी 2400 वर केलेला स्कॅन पूर्ण झूम केला तर तिच्या बोटाला चिकटलेला फणसाचा चीक दिसतो. अंगणातल्या मुंजीच्या फोटोत एवढं काही दिसत नाही, तिथे सगळे लांब रांगेत उभे. म्हणून मी आता डबा उघडला की आधी शेवटची पट्टी बघते. कार्याचे फोटो काय, सगळ्यांच्या घरी सारखेच असतात.

आत्याला ही दहावी फ्रेम टीव्हीवर दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, फणस कापो. बरको न्हय. (पांढऱ्या-काळ्या फोटोत कापा की बरका हे कसं ओळखलं देव जाणे, पण मी वाद घालत नाही.) मग अकरावी दाखवली, न्हाणीघराची भिंत आणि एक कोंबडी. मग तिनं विचारलं, "बारावो खंय?"

बारावा नव्हता. ह्या फिल्मच्या तीन-तीन फ्रेमच्या चार पट्ट्या होतात, आणि ह्या रोलची शेवटची पट्टी दोनच फ्रेमची होती, अकराव्यानंतर कात्रीनं सरळ कापलेली. मी समजत होते खराब आली असेल म्हणून टाकली. आत्या म्हणाली छे, बारावा मी काढला होता. तिच्या भावानं कॅमेरा तिच्या हातात दिला, इथे दाब म्हणाला, आणि स्वतः माडाला टेकून उभा राहिला. आत्यानं जन्मात काढलेला तो एकच फोटो. मी घरी येऊन सगळे डबे परत चाळले तेव्हा लक्षात आलं, शेकड्यांनी निगेटिव्ह आहेत आणि लग्नाआधीचे पपा एकातही नाहीत, कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. त्यांचं ते घड्याळ घातलेलं मनगट दिसतं एका फोटोत, कुणाच्या तरी खांद्यावर टेकलेलं, बाकी सावली. अंगणात पडलेली, कोपरं बाहेर काढलेली, दोन-चार ठिकाणी.

दुसऱ्या दिवशी परत फोन केला, तर आत्यानं सांगितलं ते असं, की ती निगेटिव्ह कापून स्टुडिओत दिली होती, मोठ्या प्रिंट काढायला, स्थळांकडे पाठवण्यासाठी. निगेटिव्ह तिकडेच राहिली असेल. तो स्टुडिओ कधीच बंद झाला, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे.

हे सगळं मी जेवताना सांगत होते, मुलगा मोबाईलमध्ये, आई कुळथाच्या सारात भात कालवत. इतके दिवस डबे टाक म्हणणारी आई. मान वर न करता म्हणाली, "माडाला टेकून ना? हाताची घडी. तो आला होता आमच्याकडे."

आमच्याकडे म्हणजे साखळीला, तिच्या माहेरी, 1972 साली, पत्रिकेबरोबर. तिला दाखवला होता का विचारलं तर म्हणे दाखवला कसला, आईनं देवाच्या फळीवर ठेवला होता, मी फुलं ठेवायला गेले की बघायचे. मग पुढे काय झालं त्याचं? पुढे लग्न झालं, फोटो कुणाला लागतोय.

मी लगेच मामाला फोन लावला. मामा म्हणाला देवाच्या फळीवरचं जुनं सगळं एका ट्रंकेत भरून माळ्यावर टाकलंय, आजीच्या पोथ्या वगैरे, पण आता कौलं गळतात, निसण (शिडी) घसरते, ह्या पावसात मी काही वर चढत नाही, चवथ होऊ दे. मी म्हटलं मामा, पावसातच तर ते खराब होतं. तो म्हणाला पन्नास पावसाळे काढलेत त्यानं.

इकडे आमच्या डब्यातल्या सिलिका जेलचे निळे दाणे आठ दिवसांत गुलाबी झाले, परत बदलले. सात रोल उरलेत. काकाचं जानवं सरळ करून तोच फोटो ग्रुपवर परत टाकला, ह्यावेळी आत्यानं अंगठा दाखवला, बाकीच्यांनी परत हार्ट टाकली, आणि एकानं विचारलंय, हा तर आधी टाकला होतास ना?